शिन, सोए आणि आईची परडी

फूल खुडताना देठ शक्य तितका आखूड ठेवायचा, हे माझ्यावरचे बालपणापासूनचे संस्कार. जास्वंदीला जरा लांब देठ राहिला की आई म्हणायची, "देवाला काय दांड्याने हाणायचंय?" आमच्या घरी देठाची जागा केराच्या सुपलीत होती. आणि आता वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, योकोहामात, दर शनिवारी सकाळी दहा ते बारा मी फक्त देठांचा अभ्यास करतो.

खरं तर इकेबानाच्या, म्हणजे जपानी पुष्परचनेच्या, वर्गात नाव बायकोने घातलं होतं, स्वतःचं. तिची शनिवारची सुट्टी ऑफिसने काढून घेतली तोपर्यंत तीन महिन्यांची फी पाकिटात घालून, दोन्ही हातांनी, वाकून देऊन झाली होती. इतक्या अदबीने दिलेले पैसे परत कसे मागणार? आणि भरलेली फी वाया जाऊ द्यायची हे आमच्या घराण्यात कुणी केलेलं नाही. मी गेलो.

वर्गात नऊ आज्या आणि मी. पहिल्या दिवशी मला सगळ्यांनी पाइप दुरुस्त करायला आलेला माणूस समजून बेसिन दाखवलं. बायको हसली तेव्हा मी तिला इतिहास ऐकवला. ही कला वाढवली पुरुषांनीच. क्योतोच्या रोक्काकुदो मंदिरातल्या सेंकेई नावाच्या पुजाऱ्याने 1462 मध्ये केलेली पुष्परचना बघायला शहरातले रसिक लोटले होते, अशी नोंद एका रोजनिशीत आहे. सामुराईसुद्धा फुलं मांडायचे. बायकांचा भरणा झाला तो पुढे मेइजी काळात (1868 ते 1912) मुलींच्या शाळांत हा विषय आल्यावर. बायको म्हणाली, "बरं सामुराईसाहेब, कचरा टाकून या."

आता शास्त्र. तीन मुख्य काड्या: शिन, सोए, हिकाए. पसरट भांड्याची रुंदी अधिक उंची, त्याच्या दीडपट शिन. शिनच्या पाऊणपट सोए, सोएच्या पाऊणपट हिकाए. माझं भांडं अठ्ठावीस सेंटीमीटर रुंद आणि सहा उंच, म्हणजे शिन 51, सोए 38, हिकाए साडेअठ्ठावीस. शिन उभ्या रेषेपासून दहा-पंधरा अंश कललेली, सोए 45 आणि हिकाए 75. हे ऐकून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मला वाटलं होतं इथे सौंदर्यदृष्टी लागेल. ही तर नववीची भूमिती निघाली. पुढच्या शनिवारी मी लेकीची कंपासपेटी घेऊन गेलो. कोनमापक लावून, फांदीवर पेन्सिलीने खुणा करून मी रचना तयार केली, आणि सगळीकडे मोकळं मोकळं दिसत होतं म्हणून उरलेली सगळी फुलं भरून टाकली. गणपतीच्या मखराला शोभावी अशी भरगच्च.

सेन्सेई, म्हणजे आमच्या बाई, आल्या. पंच्याहत्तरीच्या, चिमणीएवढ्या. त्यांनी मान जरा तिरकी केली आणि म्हणाल्या, "चोत्तो..."

चोत्तो म्हणजे 'थोडंसं'. पुढचं वाक्य कधीच येत नाही. ते आपण समजून घ्यायचं असतं, आणि साधारण अर्थ असतो, 'हे काय करून ठेवलंय'. मग त्यांनी कात्री उचलली. पचिन! एक फूल गेलं. पचिन! दुसरं गेलं. पाच मिनिटांनी भांड्यात तीन फांद्या, दोन फुलं आणि बरंचसं पाणी उरलं. "मा," त्या समाधानाने म्हणाल्या. मा म्हणजे मधली मोकळी जागा. तीही रचनेचा भागच असते म्हणे. आमच्याकडे देव्हाऱ्यात मोकळी जागा दिसली तर आज फुलं कमी पडली असं म्हणतात. आणि कापलेली फुलं? ती वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी घरी न्यायला दिली. वर पेन्सिलीच्या खुणेवरून बोट फिरवून काहीही न बोलता हसल्या. त्यापेक्षा कान धरला असता तरी चाललं असतं.

मे महिन्यात नवा नेम सुरू झाला. सराव घरी करायचा, आणि दुकानातली फुलं न आणता आपल्या अंगणात त्या ऋतूत जे असेल ते वापरायचं. आमचं अंगण म्हणजे घर आणि कुंपण यांच्यातली दीड हाताची पट्टी. मालकीणबाईंनी त्यात दाराशी नान्तेनचं झुडूप लावलंय (नावाचा ध्वनी 'संकट उलटणे' असा लागतो म्हणून ते दाराशी लावतात), कोपऱ्यात हायड्रेंजिया, म्हणजे इथला अजिसाई, आणि भिंतीलगत अनंत. हो, आपला अनंतच. जपानीत त्याला कुचिनाशी म्हणतात, 'तोंड नसलेला', कारण त्याचं फळ पिकलं तरी उकलत नाही. घरात असा एखादा तरी असावा असं मला पुढच्या महिनाभरात फार वाटलं.

कारण त्याच महिन्यात आई आली. नव्वद दिवसांच्या व्हिसावर, परडी घेऊन.

पहिला खटका अजिसाईवरून उडाला. जूनच्या पावसाळ्यात तो कुंपणावर असा काही फुलतो, पण कापून घरात आणला की तासाभरात मान टाकतो. सेन्सेईंनी उपाय सांगितला: देठ पाण्याखाली कापायचा, टोक चिरायचं आणि त्यावर 'म्योबान' चोळायचं. मी तीन दुकानं हिंडलो. शेवटी सुपरमार्केटमध्ये वांग्याच्या लोणच्याच्या सामानात ती पुडी मिळाली. घरी येऊन जिभेवर कणभर ठेवून बघितली आणि लहानपणचं न्हाव्याचं दुकान आठवलं.

"अरे, तुरटीची लाही आहे ही," आई म्हणाली. "माझ्या पिशवीत खडा होता की. तव्यावर फुलवून दिली असती. तीन दुकानं हिंडण्यापेक्षा आईला विचारावं."

लाही चोळलेला अजिसाई तीन दिवस ताठ उभा राहिला, आणि त्याचं श्रेय आईने घेतलं.

दुसरा खटका मात्र मोठा होता. जूनमध्ये इथे हिरव्या उमे बाजारात येतात, आलुबुखारासारखी दिसणारी आंबट फळं. आईला त्या बघून मोरावळा आठवला. मोरावळ्याला आवळे टोचून घ्यावे लागतात. काट्याने एकेक आवळा टोचण्यात तिची उभी हयात गेलेली, आणि इथे स्वयंपाकघराच्या खिडकीत तिला दिसलं केन्झान. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मुठीत मावेल असा जड ठोकळा, त्यावर पितळी सुयांचं दाट रान. काड्या उभ्या करायला भांड्याच्या तळाशी ठेवतात. नावाचा अर्थ 'तलवारींचा डोंगर', आणि तो अर्थ अंधारात पाणी प्यायला उठलेल्या माझ्या तळपायाला नीट कळलेला आहे.

मी घरी आलो तर आई डोंगरावर उमे गरगर फिरवत होती. पाऊण किलो झाल्या होत्या. "काय सुरेख काढलंय रे या लोकांनी! एका दाबात सगळीकडून टोचतं."

"अगं आई, खालचा ठोकळा शिशाचा आहे! शिसं विषारी असतं."

तिने उमेकडे पाहिलं, केन्झानकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग असली वस्तू स्वयंपाकघरात कोणी ठेवली?"

याला उत्तर नव्हतं. पाऊण किलो उमे ओल्या कचऱ्यात गेल्या. इथे ओला कचरा आठवड्यातून दोनच दिवस नेतात, त्यामुळे त्या तीन दिवस गॅलरीत आमच्याकडे बघत होत्या. आई त्या तीन दिवसांत माझ्याशी मोजकं बोलली. बोलण्यातही 'मा' असतो हे मला तेव्हा उमगलं.

आणि मग तो शनिवार. त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या अंगणातली रचना वर्गात करून दाखवायची होती. आठवडाभर मी अनंताच्या तीन फांद्यांवर डोळा ठेवून होतो. एकीवर पूर्ण उमललेलं फूल, एकीवर अर्धवट, एकीवर हिरवट पीळ असलेली कळी. आदल्या रात्री टॉर्च घेऊन मापं काढून आलो. शिनला बरोबर 51.

पण योकोहामात जूनमध्ये साडेचारलाच उजाडतं आणि आई त्याच्याही आधी उठते. मी सहाला बाहेर आलो तेव्हा अनंतावर फूल नव्हतं. कळीसुद्धा नव्हती. देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या डोक्यावर, पायाशी, दोन्ही बाजूंना अनंत होता. सगळी फुलं देठाशिवाय, नखाने नेटकी खुडलेली. घरभर वास दरवळत होता. आई प्रसन्न होती, तीन दिवसांत पहिल्यांदाच.

"अकरा निघाली रे! परदेशात अनंत मिळेल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं."

आता यावर काय बोलणार? मी त्याच तीन फांद्या कापल्या आणि नुसती पानं घेऊन गेलो. आज्यांच्या अजिसाई आणि आयरिसच्या रांगेत माझं भांडं बोडकं दिसत होतं. सेन्सेईंनी मान तिरकी केली. फुलं कुठे आहेत, असं त्यांनी विचारल्यावर मला जमेल तेवढ्या जपानीत मी म्हणालो, "आई. पहाटे. देवाला." त्यांनी गंभीरपणे मान हलवली. मग कात्री उचलली आणि त्या बिनफुलांच्या रचनेतूनही, पचिन, पचिन, एक फांदी आणि चार पानं कमी केली.

घरी आल्यावर पुढच्या सरावासाठी केन्झान शोधू लागलो. खिडकीत नव्हतं. मोरीतही नव्हतं.

"ते होय? खाण्याच्या कामाचं नाही म्हणालास ना? मग घासून, तुरटीने धुऊन देवापुढे ठेवलं," आई म्हणाली. "उदबत्ती काय छान उभी राहते रे त्यात!"

तीन उदबत्त्या लावल्या होत्या. एक जवळजवळ ताठ, दुसरी चांगलीच तिरकी आणि तिसरी पार खाली झुकलेली. मी गुडघ्यावर बसून बघितलं. तिसरी 75 अंशांपेक्षा जरा जास्त कलली होती. ती किंचित वर करायला मी हात पुढे केला.

"हात लावू नकोस," आई म्हणाली, "राख सांडेल."