भरायला वेळ लागतो

वेस्टर्न सिनेमा बघताना माझी नजर हिरोच्या चेहऱ्याआधी त्याच्या कमरेला जाते. बायको म्हणते, सिनेमा बघतोस की पंचनामा करतोस? मित्र तर त्याच्याही पुढचे. "अरे, सूड घ्यायचाय त्याला. बंदूक १८४७ची असो नाहीतर १८७३ची, व्हिलन मेला ना? झालं तर मग!"

नाही झालं. व्हिलन कसा मेला, मारणाऱ्याला किती वेळ लागला, मधे किती वेळा त्याच्या पोटात गोळा आला, हे सगळं ती बंदूक ठरवते.

हे खूळ माझ्या डोक्यात कोकणातून शिरलं. आमच्या आप्पाकाकांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. वानरांची टोळी माडांवर उतरली की काका ओसरीवर बसून ती भरायचे. आधी नळीत मापाने दारू, मग काथ्याचा बोळा. लांब गजाने ठास ठास ठासायचं. मग छर्रे, परत बोळा, परत गज. शेवटी मागच्या बोंडावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. काका तिला 'केप' म्हणायचे आणि दातांत धरून ठेवायचे, त्यामुळे त्या वेळी त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. एवढं होईतो वानरं निम्मे शहाळे फोडून शेजारच्या वाडीत गेलेली असत. पावसाळ्यात तर दारूला ओल लागायची. घोडा पडायचा, केप 'टुक्' करायची आणि पुढे काहीच नाही. अशा वेळी काका बंदूक तशीच आभाळाकडे धरून मिनिटभर थांबायचे, आम्हाला मागे रेटायचे. दारू आतल्या आत धुमसत असेल आणि बार उशिरा सुटेल, ही भीती. ते मिनिट मला अजून आठवतं. (निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. वानरांना आचारसंहितेची तारीख बरोबर कळायची, असं काकांचं ठाम मत होतं.)

तर मुद्दा असा, की अमेरिकन यादवी युद्धातली (उत्तर विरुद्ध दक्षिण, १८६१ ते ६५) रिव्हॉल्व्हर म्हणजे आमच्या काकांचीच बंदूक, फक्त नळी एक आणि घरं सहा. फिरत्या चक्रातल्या प्रत्येक घरात पुढच्या तोंडाने दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालच्या दांडीने ती आत दाबायची. गोळी घरापेक्षा किंचित मोठी असते, त्यामुळे दाबताना कडेने शिशाची बारीक चकती सोलून निघते. ती निघाली की समजायचं, गोळी घट्ट बसली. मग तोंडावर चरबी फासायची, नाहीतर एका घराची ठिणगी शेजारच्या घरात शिरते आणि दोन-तीन बार एकदम उडतात. शेवटी मागे सहा बोंडांवर सहा केपा. शांतपणे टेबलाशी बसून करायला काही मिनिटं. चालत्या घोड्यावर, पावसात, मागावर माणसं असताना? विसरा.

हे डोक्यात ठेवून १९७६चा 'द आउटलॉ जोसी वेल्स' बघा. क्लिंट ईस्टवुडने स्वतः दिग्दर्शित केलेला. मिझुरीतला साधा शेतकरी, उत्तरेच्या बाजूचे 'रेडलेग्ज' येऊन त्याचं घर जाळतात, बायको आणि मुलगा मारतात. हा राखेतून एक पिस्तूल उकरून काढतो आणि एका खांबावर नेम धरायला लागतो. सुरुवातीला लागत नाही. जन्मजात नेमबाज न दाखवता नांगर धरणारा हात चापावर येताना दाखवलाय, हे मला फार आवडतं. पुढे तो दक्षिणेच्या बाजूच्या बंडखोरांच्या टोळीत जातो, युद्ध हरलं तरी शरण जात नाही आणि फरार होतो. त्याच्या अंगावर एक नाही, दोन नाही, चार-चार पिस्तुलं.

पहिल्यांदा बघताना मला तो शुद्ध शोबाजीचा प्रकार वाटला होता. आपल्याकडचा हिरो दोन्ही हातांत मशीनगन घेतो तसला. पण मिझुरीचे ते घोडेस्वार बंडखोर खरोखरच असे फिरायचे. कमरेला दोन, खोगिराला दोन, कुणाकडे त्याहून जास्त. कारण वर सांगितलं तेच. भरायला वेळ नाही, तर भरलेली दुसरी काढा. ज्याच्याकडे जास्त पिस्तुलं, त्याच्याकडे जास्त श्वास. समोरचा पायदळातला शिपाई एका बारानंतर गज काढून ठासत उभा, आणि याच्याकडे प्रत्येकी सहा धरले तरी चोवीस बार.

आता काकांचा पुतण्या म्हणून एक खोट काढतोच. जोसीच्या कमरेला जी दोन मोठी धूडं आहेत ती आहेत कोल्ट वॉकर. टेक्सास रेंजर सॅम्युअल वॉकर आणि सॅम्युअल कोल्ट या दोन सॅम्युअलांनी मिळून ती ठरवली, १८४७ला कनेक्टिकटमध्ये बनली. एकूण नग साधारण अकराशे. एकेकीचं वजन दोन किलोच्या वर, लांबी हातभर. ती खोगिराला टांगायची चीज आहे, कमरेला नव्हे. दोन लावली की चार किलो! चार किलोचा गहू पट्ट्याला बांधून घोड्यावरून उतरून दाखवा. शिवाय प्रत्येक घरात जवळजवळ चार ग्रॅम दारू मावायची, त्या काळच्या लोखंडाला ती झेपायची नाही आणि चक्रं फुटायची. बार झाला की दणक्याने नळीखालची दांडी आपोआप खाली लोंबायची, म्हणून लोक ती चामड्याच्या वादीने बांधून ठेवायचे. खुद्द वॉकर त्याच वर्षी मेक्सिकोत मारला गेला. अशा दुर्मिळ, भांडखोर बंदुकीची जोडी १८६५ साली मिझुरीच्या एका शेतकऱ्याकडे? दिग्दर्शकाला त्यांचं ते अवाढव्य रूप आवडलं असणार, बाकी काही नाही. पण ही खोट मी पोटात घालतो. साल चुकलेलं नाही, आणि बंदुकीचा स्वभावही.

माझा राग आहे तो साल आणि स्वभाव दोन्ही चुकवणाऱ्यांवर. पितळी काडतुसाची (दारू, गोळी, केप सगळं एकाच नळकांड्यात) सुप्रसिद्ध कोल्ट 'पीसमेकर' १८७३ची. विंचेस्टरची गाजलेली रायफलही त्याच सालची. त्याआधी बरीच वर्षं कोल्टला तसं चक्र बनवताच येत नव्हतं, कारण आरपार भोकाच्या, म्हणजे मागून काडतूस सरकवता येईल अशा चक्राचं पेटंट रोलिन व्हाइट नावाच्या गृहस्थाकडे होतं (हा कधीकाळी कोल्टकडेच कामाला होता!) आणि त्याने ते स्मिथ अँड वेसन या दुसऱ्या बंदूक कंपनीला दिलं होतं. ते सुटलं १८६९ला. मधल्या काळात एवढं मोठं युद्ध लढलं गेलं ते बहुतांशी दारू, गोळी आणि केपांवर. तरीही 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' घडतो १८६२ला आणि त्यात रिव्हॉल्व्हरमध्ये धातूची काडतुसं सरकतात. वेस्टर्नचा हिरो जॉन वेन, त्याची ती मोठ्या कड्याची रायफल तर १८९२चं मॉडेल. ती घेऊन हा माणूस १८८०च्या गोष्टींत बिनदिक्कत वावरतो, एका हाताने गरगर फिरवतो. दिसतं झकास, मी पण शिट्टी मारलीय. पण काडतूस आलं की सेकंदांत बंदूक भरते, आणि बंदूक सेकंदांत भरली की हिरोला घाम फुटायचं कारण उरत नाही.

(ज्या एन्फिल्डच्या चरबीच्या काडतुसांवरून १८५७ला आपल्याकडे भडका उडाला, ती एन्फिल्ड चार वर्षांनी अमेरिकेत दोन्ही बाजूंच्या खांद्यावर होती. तेही काडतूसच म्हणायचे, पण ते कागदाचं. दाताने फाडायचं, दारू ओतायची, ठासायचं. काकांचंच खानदान.)

'ट्रू ग्रिट' २०१० साली परत आला तेव्हा मी खूश झालो ते याचसाठी. चौदा वर्षांची मॅटी बापाच्या खुन्याला शोधायला निघते, बापाचंच जुनं कोल्ट ड्रॅगून घेऊन. ड्रॅगून म्हणजे वॉकरचा जरा शहाणा झालेला धाकटा भाऊ, तरी पोरीच्या मनगटाला भारीच. खुनी समोर येतो, ती बार टाकते, तो जखमी होतो, आणि पुढचा बार... टुक्. मी खुर्चीत ताठ. ते आमच्या ओसरीवरचं मिनिट! फक्त इथे समोर वानर नाही, बापाचा मारेकरी आहे आणि तो चालत अंगावर येतोय. पुढे ती त्याला शार्प्स कार्बाइनने, म्हणजे आखूड रायफलने उडवते, तर त्या बंदुकीच्या धक्क्याने स्वतःच मागे खड्ड्यात पडते, सापांच्या. मारणाऱ्यालाही मागे ढकलणारी बंदूक दाखवली की सूडाबद्दल वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

एक कडू गोष्टही सांगायला हवी, नाहीतर मी नुसता बंदुकांवर भाळलोय असं वाटेल. जोसी ज्या प्रकारच्या टोळीत होता, तशाच क्वांट्रिलच्या टोळीने ऑगस्ट १८६३ला कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात दीडशेच्या आसपास पुरुष आणि पोरगे मारले, बहुतेक निःशस्त्र. तिथे हीच चार-चार पिस्तुलं होती, आणि समोर ती पुन्हा भरायला लावणारं कुणी नव्हतं. सिनेमा हे गाव दाखवत नाही. ज्या कादंबरीवर तो आहे तिचा लेखक कट्टर वर्णद्वेषी होता, त्यामुळे आश्चर्यही नाही. मला सिनेमा आवडतो आणि हे ठाऊकही आहे. दोन्ही एकाच डोक्यात राहतं, थोडं खुपत राहतं.

आता शेवटाकडे. (ज्यांनी बघितला नाही त्यांनी इथे थांबा. पन्नासेक वर्षं झाली, तरी सांगून ठेवलं.) रेडलेग्जचा म्होरक्या टेरिल जोसीच्या हाती लागतो. जोसी पिस्तूल रोखून चाप ओढतो. खट्. रिकामं. खट्, खट्. दुसरं काढतो, खट्. तिसरं. चौथं. एकाही घरात बार नाही, हे त्याला नक्की माहीत असणार, तरी तो एकेक घर फिरवत टेरिलकडे चालत राहतो. शेवटी टेरिल मरतो तो स्वतःच्याच तलवारीने. 'शोले'त गब्बर चक्र फिरवून माणसांची चेष्टा करतो, तिथे रिकाम्या घराची खट् म्हणजे जीवदान. इथे प्रत्येक खट् म्हणजे त्याने जे जे गमावलं त्याचा हिशेब. झटपट भरणारी पितळी काडतुसं त्या पट्ट्यात असती, तर हा प्रसंग लिहायला सुचलाच नसता.

काका थकले होते तेव्हा, बंदूक विकून झाली होती. सुट्टीत गेलो असताना मी लॅपटॉपवर त्यांना हा सिनेमा दाखवला. इंग्रजी त्यांना फारसं कळत नव्हतं, पण हात सगळे कळत होते. त्या खट्-खट्ला ते पुढे झुकले. "केपा काढल्यान की उडवल्यान?" मी म्हटलं, उडाल्या असणार. मान हलवली.

त्यानंतर जोसी रक्ताळलेला बाहेर येतो आणि त्याचा जुना सोबती, आता त्याच्याच मागावर असलेला फ्लेचर समोर उभा असतो. दोघं बोलतात, संगीत हळू होतं, मी भारावलेला. काका चष्मा काढून पुसत होते. म्हटलं, डोळे भरून आले वाटतं.

"आता हा समोर उभा आहे," काका म्हणाले, "आणि ह्याच्या तर चारी रिकाम्या. भरलान कधी?"

मी मागे जाऊन बघितलं. भरतानाचं दृश्य कुठेच नाही.

"मग तसाच उभा आहे," म्हणाले, आणि परत चष्मा लावून बघायला लागले.