बर्फखातं माझ्याकडे

पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एकाकडे टँकरचं खातं असतं, एकाकडे गणपतीचं. आमच्या इमारतीत बर्फाचं खातं माझ्याकडे आहे. डिसेंबर लागला, एनडीए-पाषाणचा पारा एक आकडी झाला की लोक माकडटोपीतून तोंड बाहेर काढून जिन्यात विचारतात, "काय हो, औलीला बर्फ आहे का?" औली म्हणजे उत्तराखंडातलं स्कीचं ठिकाण. टँकरवाल्याचं बरं असतं. टँकर आला की दिसतो तरी.

या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर नसतं. कुठल्या उंचीवर, किती जाड, कधी पडलेला आणि रात्री गोठला का, हे चार उपप्रश्न आधी सोडवावे लागतात. पण जिन्यात, हातात दुधाची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला उपप्रश्न चालत नाहीत. "म्हणजे नाही वाटतं," असं म्हणून तो वर जातो आणि दहा मिनिटांत ग्रुपवर 'औलीला बर्फ नाही' अशी बातमी येते. खाली स्रोत म्हणून माझं नाव.

सगळ्या घोळाचं मूळ उंचीत आहे. औलीचे स्कीचे उतार साधारण २५०० ते ३०५० मीटरच्या दरम्यान, आणि मोबाइल दाखवतो ते हवामान बहुतेक वेळा खालच्या जोशीमठचं, म्हणजे १९०० मीटरच्या आसपासचं. त्यावर '५ अंश, १२ मिलिमीटर पाऊस' दिसलं की ग्रुपवर रडके चेहरे सुरू होतात. अहो, गणित करा. ढगाळ, ओल्या हवेत दर हजार मीटरला साधारण ६ अंश उतरतात. माथा जोशीमठच्या वर ११५० मीटर, म्हणजे ७ अंश कमी, म्हणजे उणे २. तिथे बर्फच पडणार. १ मिलिमीटर पाण्याचा ढोबळमानाने १ सेंटिमीटर बर्फ होतो, म्हणजे माथ्यावर १२ सेंटिमीटर; हवा फार थंड आणि कोरडी असेल तर १५ किंवा जास्तही. तळाला मात्र दीड अंश, तिथे चिकट, पाणचट बर्फ, तोही निम्माच. एकाच दिवशी एकाच डोंगरावर 'मस्त' आणि 'वाया' ही दोन्ही उत्तरं बरोबर असतात. फक्त आकडा पाहू नका, फ्रीझिंग लेव्हल पाहा. शून्य अंशाची ती रेषा जिथे दाखवतात, त्याच्या दोन-तीनशे मीटर खालपर्यंत बर्फ वितळायच्या आत जमिनीवर पोचतो.

गंमत म्हणजे हे आकडे जिथे शिजतात ते स्वयंपाकघर आपल्याच पाषाणला आहे. उष्णदेशीय हवामान संस्थेच्या, म्हणजे आयआयटीएमच्या, 'अर्का' महासंगणकावर चालणारी भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ पासून देशाचे ६ किलोमीटरचे चौकोन पाडते. आधी ते १२ किलोमीटरचे होते. मोठीच प्रगती. पण ६ किलोमीटरच्या एका चौकोनात जोशीमठ, औली आणि मधला सगळा चढ मावू शकतो. संगणक त्याची एक सरासरी उंची धरतो, जिथे ना हॉटेल असतं ना स्कीचा उतार. आणि हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं, शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात. १९४४ साली ते दिल्लीला गेलं, पण ऑफिस इथेच राहिलं. बर्फातून उठून आलेलं ऑफिस शहरात असताना लोक जिन्यात मला गाठतात, याला काय म्हणावं?

खरा छळ तारखांचा. हिमालयात हिवाळी बर्फ आणतात ते वेस्टर्न डिस्टर्बन्स, भूमध्य समुद्राकडून पश्चिमी वाऱ्यांवर सरकत येणारे कमी दाबाचे पट्टे. असा एखादा येतोय हे पाच-सहा दिवस आधी बऱ्यापैकी कळतं. किती बर्फ देईल हे दोन-तीन दिवस आधी. रेल्वेचं आरक्षण उघडतं ६० दिवस आधी, आणि ऑफिसातली रजा दिवाळीतच ठरवून टाकलेली असते. नोव्हेंबरात एक काका विचारतात, "२४ जानेवारीला पडेल ना?" मी म्हणतो, सांगता येत नाही. "मग तुमचा उपयोग काय?" यावर माझ्याकडे मुद्देसूद उत्तर नाही.

त्यातून शिकवणी घ्यायचीच असेल तर एवढी घ्या: डिस्टर्बन्सबरोबर जायचं नाही, त्याच्या मागून जायचं. पडत असताना रस्ते बंद, लिफ्ट बंद, समोरचा माणूस दिसत नाही. तो पुढे सरकला की आकाश निवळतं, रात्री पारा घसरतो आणि पुढचे दोन दिवस सोन्यासारखे. काश्मीरच्या गुलमर्गला तर गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, वरचा टप्पा वारं आणि हिमकडे कोसळण्याची भीती सरेपर्यंत उघडतच नाही. आणि तिथेही खात्री नाहीच: जानेवारी २०२४ मध्ये ऐन चिल्लई कलानमध्ये, म्हणजे काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांत, गुलमर्ग तपकिरी पडलं होतं.

"पण औलीला मशीनने बर्फ करतात ना?" हा प्रश्न येतोच. मशीन आहेत, पण त्यांना पारा नाही, वेट बल्ब तापमान लागतं, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर दाखवेल ते, साधारण उणे अडीच. हवा कोरडी असेल तर थर्मामीटर शून्यावर असतानाही बर्फ होतो. दमट असेल तर उणे एकलाही तोफ नुसती शिंपडणी करते. घरचा कूलर एप्रिलमध्ये गार वारा देतो आणि जुलैत भिंती ओल्या करतो, त्याचंच हे भावंड. हे सांगितल्यावर चर्चा कूलरच्या गवतावर जाते आणि औली राहतं.

हॉटेलला फोन करून "बर्फ आहे का" विचारू नये. उत्तर बारमाही एकच: "आइए सर, मिल जाएगी." त्याऐवजी विचारा, "लिफ्टच्या खालच्या खांबापाशी गवत दिसतंय का?" माणूस एकदम खरं बोलतो, कारण याला काय उत्तर द्यायचं हे त्याला कुणी पढवलेलं नसतं. टॅक्सीवाल्याला विचारा, चाकांना साखळ्या कुठपासून बांधाव्या लागतात. ती जागा म्हणजे त्या दिवशीची हिमरेषा, कुठल्याही ॲपपेक्षा चोख. आणि ग्रुपवर 'आजचा' म्हणून आलेला व्हिडिओ देवदाराच्या फांद्या बघून तपासा. ताजा बर्फ फांद्यांवर बसलेला असतो. ऊन आणि वाऱ्याने तो एक-दोन दिवसांत झडतो. फांद्या हिरव्यागार आणि खाली गुडघाभर बर्फ असेल तर तो आजचा नव्हे, निदान परवाचा. बऱ्याचदा गेल्या वर्षीचा.

फेब्रुवारीच्या शेवटी जाणाऱ्यांनी घड्याळ सांभाळावं. सकाळी नऊला उतार काचेसारखा टणक, स्कीची कड धरत नाही, आपटलं की कळतं. अकरा ते एक वरचा थर सैल होतो, तेव्हा हात साफ करून घ्यावा. तीननंतर चिखल. पुणेकरांचा नाश्ता साडेदहाला आटपतो, आवराआवरीत एक वाजतो आणि जेवण लागतं, म्हणजे हाती उरतो तो फक्त चिखल; आणि मग परतीच्या गाडीत ठरतं की बर्फाचा दर्जा घसरलाय.

सध्या ग्रुपवर पोल सुरू आहे. २६ जानेवारी सोमवारी येतोय, जोडून सुट्टी मिळते, तर बर्फ त्या शनिवारी पडावा की रविवारी. मतांत शनिवार पुढे आहे.