संयुक्त राष्ट्रांतील हिंदी भाषणाविषयी खुलासा

नौपाड्यातील आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर, ध्वजवंदनाच्या वेळेखालीच टाचलेल्या कागदात म्हटले आहे की, अटलबिहारी वाजपेयी यांनी पंतप्रधान असताना संयुक्त राष्ट्रांत हिंदीत भाषण केल्यामुळे हिंदी तेथील अधिकृत भाषा झाली. हे खरे नाही. ४ ऑक्टोबर १९७७ रोजी ते आमसभेत हिंदीत बोलले, तेव्हा पंतप्रधान मोरारजी देसाई होते आणि वाजपेयी परराष्ट्रमंत्री. अधिकृत भाषा आजही अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश या सहाच आहेत. अन्य भाषेत बोलायचे तर अनुवादाची सोय त्या देशालाच करावी लागते, आणि माझ्या मते त्या भाषणाचे मोल याच गोष्टीमुळे वाढते. ध्वजवंदनानंतर मुले हाच कागद वाचून दाखवणार आहेत, म्हणून तो त्याआधी बदलावा, ही कळकळीची विनंती.