बीजिंगहून फोन आला म्हणे!

थोरल्या मामांनी फॅमिली ग्रुपवर 'कॉम्रेडांचा खरा इतिहास' नावाचा फॉरवर्ड टाकला, तेव्हा मी सवयीने सोडून दिला. पण परवा मावसबहिणीच्या मुलीने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. एमपीएससीच्या नोट्स आणि त्यात हिरव्या पेनाने दोनदा अधोरेखित, '१९९६ – बीजिंगचा आदेश'. खाली विचारलंय, मामा, हे बरोबर आहे ना? आता मात्र गप्प बसणं शक्य नाही. आधीच सांगतो, हा फॉरवर्ड ज्याच्यावर आहे त्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा मी मतदार नाही, कधी नव्हतोही.

फॉरवर्डचा पहिला दावा: १९६४ ला कम्युनिस्ट पक्ष फुटून मार्क्सवादी पक्ष वेगळा झाला तो चीनच्या हुकुमाने. चीनवरून पक्षात दुफळी माजली होती हे मान्य, एक गट चीनला आक्रमक म्हणायला तयार नव्हता हेही मान्य. पण चीनशी युद्ध झालं ऑक्टोबर १९६२ मध्ये, आणि काँग्रेससोबत जायचं की तिच्या विरोधात उभं राहायचं हे भांडण १९५६ च्या पालघाट अधिवेशनापासून चालू होतं. १९६१ ला विजयवाड्यात तर पक्ष तेव्हाच फुटतोय की काय अशी वेळ आली होती. आणि मार्क्सवादी पक्ष चीनचा गुलाम होता तर १९६७ ला चिनी वृत्तपत्राने बंगालमधल्या नक्षलबाडीच्या सशस्त्र शेतकरी उठावाचं कौतुक कसं केलं, जेव्हा बंगालच्या सरकारात हाच पक्ष बसला होता? 'चीनचा चेअरमन आमचा चेअरमन' ही घोषणा नक्षलवाद्यांची, ज्यांना या पक्षाने हाकललं होतं. फॉरवर्डवाल्याने दोघांची खिचडी केलीय.

खरं परकीय कनेक्शन हवंच असेल तर ते १९५१ चं आहे. तेलंगणातला सशस्त्र लढा पुढे न्यायचा की थांबवायचा यावर पक्षात एकमत होईना, म्हणून डांगे, अजय घोष वगैरे चार नेते मॉस्कोला स्टालिनला भेटून आले. गंमत म्हणजे फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नाही!

आता ते हिरव्या पेनाचं. म्हणे बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री, मार्क्सवादी पक्षाचे ज्योती बसू पंतप्रधान होणार होते पण बीजिंगहून फोन आला आणि सगळं फिसकटलं. अहो, कसला फोन? मे १९९६. काँग्रेस आणि भाजप सोडून बाकीच्या पक्षांच्या संयुक्त आघाडीने बसूंचं नाव पुढे केलं, बसू तयार, पक्षाचे सरचिटणीस हरकिशनसिंग सुरजीतही तयार. पक्षाच्या केंद्रीय समितीत मतदान झालं आणि दोघेही हरले. आघाडीवाले म्हणाले फेरविचार करा, तर पुन्हा नाहीच. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं: लोकसभेत आपले ३२ खासदार, बाहेरून टेकू काँग्रेसचा, धोरण आपल्या हातात राहणार नाही आणि शिव्या मात्र आपण खायच्या. शिवाय पक्षाच्या १९६४ च्या कार्यक्रमात, म्हणजे मूळ धोरणपत्रात, ११२ वा परिच्छेद होता. लोकांना तातडीचा दिलासा देणाऱ्या सरकारात जायला त्यात मुभा होती पण ती राज्यांचा विचार करून लिहिलेली, केंद्राचं काय ते त्यात नाही. सगळी भांडाभांडी या एका परिच्छेदाभोवती. जानेवारी १९९७ मध्ये बसूंनी मुलाखतीत या निर्णयाला ऐतिहासिक घोडचूक म्हटलं, स्वतःच्याच पक्षाला, जाहीरपणे. तरी १९९८ च्या कलकत्ता अधिवेशनात विषय निघाला तेव्हा निर्णय कायमच राहिला. मग २००० साली तिरुवनंतपुरमला कार्यक्रमच बदलला आणि परिस्थिती बघून केंद्रातही जाता येईल अशी सोय केली. चार वर्षं उशिरा! गाडी गेल्यावर तिकीट काढण्यातला प्रकार, त्याला हसा ना, मीही हसतो. पण फोनवर आदेश आला असता तर एवढा कुटाणा कोण कशाला करेल? आणि हो, संयुक्त आघाडीच्या त्याच सरकारात दुसरा, म्हणजे भारतीय कम्युनिस्ट पक्ष सामील झाला, इंद्रजित गुप्त गृहमंत्री झाले. बीजिंगवाले त्यांना फोन करायला विसरले बहुतेक.

पुढचा दावा, 'सरचिटणीस बोट दाखवतो, बाकीचे माना डोलवतात'. सुरजीत हरले ते वर आलंच. १९७५ ला तेव्हाचे सरचिटणीस सुंदरय्या यांना जनसंघासोबत मिळून आंदोलन करणं पटेना आणि बहुमत विरोधात, म्हणून त्यांनी सरचिटणीसपद सोडलं. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे सरचिटणीस येचुरी यांचा काँग्रेसशी जुळवून घेण्याची वाट उघडी ठेवणारा मसुदा केंद्रीय समितीने ५५ विरुद्ध ३१ ने पाडला. मग एप्रिलमध्ये हैदराबादच्या अधिवेशनात गुप्त मतदानाची मागणी झाली, शेवटी वाक्यरचना बदलून मधला मार्ग काढला. एकदा ठरलं की बाहेर ब्र काढायचा नाही हा नियम आहे त्यांच्यात, आणि तो मलाही खटकतो. पण ठरेपर्यंत हे लोक भांडून भांडून एकमेकांचा जीव घेतात.

पक्षाचे खासदार आणि लोकसभेचे सभापती सोमनाथ चटर्जींना 'भ्रष्टाचारामुळे काढलं' हे धादांत खोटं. २००८ च्या विश्वासदर्शक ठरावाआधी सभापतीपद सोडलं नाही म्हणून काढलं. बास.

फॉरवर्डमधला १९४२ चा मुद्दा खरा आहे. चले जावला पक्षाने विरोध केला, सोव्हिएत रशिया युद्धात उतरल्यावर धोरण फिरवलं, यात सारवासारव करण्यासारखं काही नाही. मामा, एवढा एकच ठेवला असतात तर मी काही बोललो नसतो.

बाई गं, ते हिरवं खोड आणि तिथे परिच्छेद ११२ लिही.