नातेवाईक बाहेर गेल्यावर रुग्णाची भीती कोण ओळखणार?

शासकीय रुग्णालयांतील नातेवाइकांची गर्दी हटवावी आणि एका रुग्णामागे एक, फार तर दोन पास द्यावेत, ही मागणी महाराष्ट्रात अधूनमधून जोर धरते. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली, राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि सुरक्षारक्षकांच्या जोडीने पासांचा विषयही ऐरणीवर आला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात डॉक्टर तरुणीची हत्या झाली. त्या गुन्ह्याशी रुग्णांच्या नातेवाइकांचा काही संबंध नव्हता. तरीही त्यानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या रुग्णालयांना दिलेल्या सूचनांत पासांची काटेकोर अंमलबजावणी होतीच. मार सोसणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांची बाजू मला परकी नाही. मुंबईत जीएनएम हा परिचर्येचा पदविका अभ्यासक्रम करून तिथल्या वॉर्डात रात्रपाळ्या केलेल्या कोणालाच ती परकी वाटणार नाही. मात्र आता इंग्लंडमध्ये शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काम करताना या चर्चेतली एक उणीव सतत जाणवते. उशाशी बसलेले माणूस बाहेर गेल्यावर रुग्णाची भीती कोणाच्या लक्षात येणार, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

आपल्याकडे हे काम कोणी न सोपवताच नातेवाईक करत आलेले आहेत. आई रात्रभर कूस बदलत होती, दुपारचा डबा तसाच परत गेला, एरवी बडबड करणारे बाबा उद्याच्या ऑपरेशनचा विषय काढला की भिंतीकडे तोंड करतात, या गोष्टी तापाच्या तक्त्यावर उमटत नाहीत. सिस्टरने विचारले तर रुग्ण ‘बरं आहे’ म्हणतो आणि ‘जीव घाबरतोय’ हे मुलीला सांगतो. मग ती मुलगी काउंटरवर येते आणि म्हणते, ‘सिस्टर, जरा बघता का, बाबा कसंतरीच करतायत.’ रात्री तीन वाजता, चाळीस खाटांच्या वॉर्डात, असे कोणी चौथ्यांदा आले की वैताग येतो, हे मी नाकारत नाही. पण आपल्या बहुतेक वॉर्डांत रुग्णाच्या मनाची नोंद घेणारी यंत्रणा एवढीच आहे.

इंग्लंडमध्ये यंत्रणा कागदावर अधिक नीटनेटकी आहे. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली ‘न्यूज’ ही गुणांकनपद्धती देशभर वापरली जाते. श्वासाची गती, रक्तातील ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्धीची पातळी आणि तापमान यांना गुण देऊन रुग्ण किती धोक्यात आहे, हे त्यावरून ठरते. भ्यालेल्या माणसाची नाडी मिनिटाला ९० च्या पुढे गेली की एक गुण वाढतो आणि श्वास २० च्या पुढे गेले की दोन. आकडा वाढतो, पण तो भीतीने वाढला की फुफ्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीने, हे तो सांगत नाही. इथेच परिचारिकेची खरी परीक्षा असते, कारण चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. धाप, घाम, थरथर, ‘आता माझे काही खरे नाही’ ही भावना, हे सारे चिंतेत दिसते; तसेच ते रक्तातील साखर उतरल्यावर, ऑक्सिजन कमी पडल्यावर, आतल्या आत रक्तस्राव होत असतानाही दिसते. दम्यासाठी वाफेतून दिलेल्या सालब्युटामॉलने हात कापतात आणि छाती धडधडते. रोज दारू पिणारा माणूस दाखल झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अस्वस्थ होतो आणि लघवी तुंबलेला वृद्ध तर नुसता पलंगावरून उठायचा प्रयत्न करत राहतो. अशा वेळी ‘पेशंट घाबरट आहे’ असा शेरा मारणे धोक्याचे असते. आधी शरीर तपासावे आणि ते तपासत असतानाच बोलत राहावे, अशी शिस्त मला पटते. बोलण्यासाठी वेगळी सवड काढायची म्हटली तर ती दोन्ही देशांत मिळत नाही.

चिंता मोजण्याची साधनेही आहेत. झिग्मंड आणि स्नेथ यांनी १९८३ मध्ये खास रुग्णालयातील रुग्णांसाठी १४ प्रश्नांची पट्टी तयार केली. आजारामुळेच उद्भवणारी शारीरिक लक्षणे त्यांनी तीतून मुद्दाम वगळली. त्यामुळे थकवा किंवा धडधड यांवरून कोणी उगाच चिंताग्रस्त ठरत नाही. २००६ पासून वापरात असलेली ‘गॅड-७’ ही सात प्रश्नांची पट्टी मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते आणि २१ पैकी १० किंवा अधिक गुण आले तर पुढच्या तपासणीची गरज सुचवते. ही साधने उपयुक्त आहेत, परंतु ती दिवसाउजेडी, खुर्चीवर बसून भरायची आहेत. भूल देण्याच्या आदल्या रात्री उपयोगी पडतो तो एकच साधा प्रश्न: ‘उद्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?’ उत्तर क्वचितच शस्त्रक्रियेबद्दलचे असते. इथल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धेला घरच्या मांजराला कोण खायला घालणार याचा घोर असतो. आपल्याकडे बिल, न मिळालेली रजा किंवा शेतात उभे असलेले सोयाबीन. ज्याची चिंता पैशाची आहे, त्याला झोपेची गोळी देऊन काय साधणार? त्याची गाठ महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राशी किंवा समाजसेवा अधीक्षकांशी घालून देणे हाच तिथे नर्सिंगचा उपचार ठरतो.

‘काही होत नाही, घाबरू नका’ हे वाक्य दोन्हीकडे सारख्याच सहजतेने तोंडातून निघते आणि त्याने रुग्ण गप्प होतो, शांत होत नाही. त्याऐवजी पुढे काय घडणार ते क्रमाने सांगावे: ऑपरेशन थिएटरमध्ये किती वाजता नेतील, सोबत कोण असेल, सुई कुठे टोचेल, शुद्धीवर आल्यावर नळ्या कुठे असतील, दुखले तर कोणाला हाक मारायची. भराभर श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि म्हणून बोटांना, ओठांना मुंग्या येतात, एवढे समजले तरी ‘लकवा मारला’ ही धास्ती उतरते. मग शेजारी बसून, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावत, दोन मिनिटे बरोबरीने श्वास घेता येतो. केट ग्रेंजर या इंग्लंडमधल्या डॉक्टरला स्वतःच्या कर्करोगाच्या उपचारांत जाणवले की तपासायला येणारे अनेक जण आपले नावही सांगत नाहीत. तिने २०१३ मध्ये ‘हॅलो, माय नेम इज’ ही मोहीम सुरू केली. २०१६ मध्ये ती गेली, पण तिच्या मोहिमेचे पिवळे बिल्ले इथे अजून दिसतात. बिल्ला लावूनही नाव न सांगणारे आहेत, हेही खरे.

आता भेटीच्या वेळांकडे वळतो. ‘परदेशात बघा, वॉर्डात नातेवाईक दिसत नाहीत’ असा दाखला आपल्याकडे हमखास दिला जातो, आणि तो जुना झाला आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांजवळ घरच्यांना राहू द्यावे, यासाठी इथे २०१४ पासून ‘जॉन्स कॅम्पेन’ चालू आहे. कोविडच्या काळात दारे बंद झाली आणि माणसे एकेकटी गेली, तेव्हा त्या मागणीला धार आली. अखेर ६ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमधील रुग्णालयांवर आणि वृद्धाश्रमांवर रुग्णाला भेटू देण्याचे कायदेशीर बंधन आले. सबळ कारण असल्याशिवाय आता नकार देता येत नाही. म्हणजे आपण ज्या व्यवस्थेचे अनुकरण करू पाहतो, ती स्वतः उलट दिशेने निघाली आहे. शिवाय भेटीच्या वेळा बांधून हिंसा थांबते, असेही नाही. कर्मचाऱ्यांवर हात उगारू नका, अशा पाट्या इथल्या आपत्कालीन विभागांतही लावाव्या लागतात, आणि तासन्‌तास कोणी काहीच सांगत नाही यातून चढलेला पारा दोन्ही देशांत सारखाच असतो.

नातेवाईक म्हणजे केवळ आधार, असेही मी म्हणणार नाही. उशाशी बसून बिलाचा हिशेब मांडणारे आणि शेजारच्या खाटेवरचा कसा दगावला ते साग्रसंगीत सांगणारे मी पाहिले आहेत. त्याहून अवघड म्हणजे ‘पेशंटला काही सांगू नका’ ही विनंती. इंग्लंडमध्ये ज्याला समज आहे त्या प्रौढाला त्याचा आजार प्रथम सांगितला जातो, आणि तोही कधीकधी इतक्या कोरडेपणाने की त्या रात्री वॉर्डात त्याच्याजवळ बसणारे कोणी नसते. आपल्याकडे उलट होते. सारे घर जवळ असते, पण प्रत्येक चेहरा काहीतरी दडवत असतो आणि रुग्ण त्या चेहऱ्यांवरून तर्क बांधत कुढत राहतो. माझा कल सांगण्याकडे आहे. मात्र रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे हे आधी त्यालाच विचारून, आणि सांगताना त्याने निवडलेले एक माणूस सोबत ठेवून.

यावर माझ्या जुन्या मैत्रिणींचा आक्षेप मला ठाऊक आहे: एवढे करायला सिस्टर आहेत कुठे? भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात खाटा भरल्यावर जमिनीवर गाद्या पडतात आणि रात्री एक-दोघी सारा वॉर्ड ओढतात. इंग्लंडमध्येही कायद्याने ठरलेले प्रमाण नाही. दिवसपाळीत एका परिचारिकेकडे आठहून अधिक रुग्ण आले तर धोका वाढतो, असा इशारा तिथल्या आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१४ मध्ये दिला आहे, एवढेच. २०२२ मध्ये महाराष्ट्रातील परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हा तो पगाराचा तंटा म्हणून पाहिला गेला. रुग्णाची भीती ओळखायला तो रुग्ण कालपासून पाहिलेला असावा लागतो, आणि दर काही महिन्यांनी बदलणाऱ्या कंत्राटी माणसांकडून ते होणे कठीण आहे, हा मुद्दा मात्र मागे पडला.

म्हणूनच, मनुष्यबळ आहे तेवढेच राहणार असेल तर पास जरूर द्यावेत, पण ते देण्याची पद्धत बदलावी. पास कोणाला द्यायचा हे रुग्णाने ठरवावे आणि तो रात्रीही चालावा. प्रत्येक पाळीच्या अदलाबदलीत सिस्टरने त्या पासधारकाला ‘आज यांच्यात काही वेगळे वाटले का?’ एवढे विचारावे आणि उत्तर केस पेपरवर नोंदवावे. त्यासाठी एक ओळ पुरेल. डॉक्टरांनी नातेवाइकांशी बोलण्याची एक ठरावीक वेळ फळ्यावर लिहावी आणि ती पाळावी. घरी जातानाच्या कागदावर औषधांच्या खाली ‘टेली मानस’ या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापावा, कारण टाके काढल्यानंतरही ज्यांची झोप परतत नाही, असे रुग्ण थोडे नसतात. यातल्या कशालाही नवे यंत्र लागत नाही. पासांचा पुढचा आदेश निघेल तेव्हा त्यातच हे चार मुद्दे घालता येतील.