नशात अक्रमला सिटीने नाकारलं नव्हतं

फुटबॉलप्रेमींच्या ग्रुपवर एक मजकूर दर काही महिन्यांनी फिरून येतो. इराकचा मिडफिल्डर नशात अक्रम म्हणजे ‘एका स्पर्धेचा हिरो’, असं म्हणून त्यात चार ओळींत त्याचा निकाल लावलेला असतो. 2007 च्या आशियाई चषकात तो नशिबाने चमकला, इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी क्लबने दर्जा नाही म्हणून नाकारलं, नेदरलँड्समध्ये बाकावर बसून राहिला आणि शेवटी पैशासाठी आखातात गेला. चारपैकी एका ओळीत थोडंफार तथ्य आहे, तिच्याकडे येऊच. आधी सिटी, कारण बाकीचा सगळा मजकूर याच खुंटीवर टांगलेला आहे.

जानेवारी 2008. सिटीचा मॅनेजर स्वेन-गोरान एरिक्सन, अक्रमचं वय 23. क्लबला तो हवा होता आणि दोघांचं जमलंही होतं. घोडं अडलं ते ब्रिटनच्या वर्क परमिटवर. तेव्हाच्या नियमाप्रमाणे युरोपबाहेरच्या खेळाडूने मागच्या दोन वर्षांत आपल्या देशाच्या किमान 75 टक्के स्पर्धात्मक सामन्यांत खेळलेलं असावं लागे. शिवाय त्या दोन वर्षांत देशाचं फिफा क्रमवारीतलं सरासरी स्थान पहिल्या 70 मध्ये हवं. इराक त्या 70 मध्ये बसत नव्हता. असामान्य गुणवत्तेच्या खेळाडूसाठी अपवादाची एक खिडकी होती, पण तीही त्याच्यासाठी उघडली नाही. ‘दर्जा नाही’ हे मत कुणाचं असेलच तर ते परमिट देणाऱ्यांचं. एरिक्सनचं नक्कीच नाही.

यावर एक हुशार उत्तर येतं की सिटीला फक्त गवगवा हवा होता. क्लबचे मालक थाक्सिन शिनावात्रा यांनी नोव्हेंबर 2007 मध्ये तीन थाई खेळाडू करारबद्ध केले होतेच, तसाच हाही प्रकार. पण थाक्सिन थायलंडचे माजी पंतप्रधान, त्या तिघांमागचं गणित उघड आहे. युद्धात होरपळणाऱ्या इराकमध्ये 2008 साली सिटी कुणाला जर्सी विकणार होती?

‘क्रमवारी खोटं बोलत नाही’ हेही वाक्य पोस्टखाली हमखास असतं. क्रमवारी कशी तयार होते ते बघा. फिफाच्या तेव्हाच्या सूत्रात युरोपातल्या सामन्याला जेवढं वजन होतं, तेवढं आशियातल्या सामन्याला नव्हतं. त्यात इराकला स्वतःच्या मैदानावर खेळायची सोय नाही. 2010 च्या विश्वचषक पात्रता फेरीतले त्यांचे ‘घरचे’ सामने दमास्कस आणि दुबईत झाले. त्या अवस्थेतल्या संघाच्या सरासरीवरून एका खेळाडूची लायकी काढणं मला तरी हास्यास्पद वाटतं. इराकचा फुटबॉलपटू इंग्लंडच्या अव्वल लीगमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, दिसायला पुढे 2024 साल उजाडलं. तो तेव्हाच्या इप्सविच टाउनचा अली अल-हमादी, जन्मला इराकमध्ये, पण वाढला लिव्हरपूलमध्ये.

आता ‘एक स्पर्धा’. ऑगस्ट 2004 मध्ये अथेन्स ऑलिंपिकमध्ये इराकने पोर्तुगालला 4-2 हरवलं (समोर क्रिस्तियानो रोनाल्डो होता) आणि चौथा क्रमांक मिळवला. अक्रम त्या संघात होता, वय 19. 2009 च्या कॉन्फेडरेशन्स कपमध्ये (खंडविजेत्या संघांची स्पर्धा) होता, 2011 च्या आशियाई चषकातही होता. देशासाठी शंभराहून जास्त सामने. एका स्पर्धेवर एवढी वर्षं कोण पोसतं?

नशिबाचा मुद्दा मात्र गमतीचा आहे. 13 जुलै 2007, बँकॉक, समोर ऑस्ट्रेलिया. बाविसाव्या मिनिटाला अक्रमने फ्री किक उचलून गोलसमोर टाकली. घोळक्यातल्या एकाचंही डोकं तिला लागलं नाही आणि चेंडू गोलकीपर मार्क श्वार्झरला चकवून थेट जाळ्यात. आहे, यात नशीब आहे. पण तो सामना इराकने 3-1 जिंकला, तोही व्हिडुका, नील, एमर्टन अशा प्रीमियर लीगमध्ये रोज खेळणाऱ्यांसमोर. पुढे दक्षिण कोरियाला पेनल्टींवर आणि 29 जुलैला जकार्तात सौदी अरेबियाला 1-0 हरवून चषक घेतला. अंतिम सामन्यातला गोल युनिस महमूदचा, कॉर्नर हवार मुल्ला मोहम्मदचा. सगळं श्रेय अक्रमला द्या असं माझंही म्हणणं नाही.

बाकाची ओळ खरी आहे. 2009-10 मध्ये प्रशिक्षक स्टीव्ह मॅकक्लॅरनच्या ट्वेंटे या डच क्लबात तो बहुतेक वेळा बदली म्हणूनच उतरला, जम बसला नाही. पण त्या मोसमात ट्वेंटेने इतिहासातलं पहिलं लीग विजेतेपद मिळवलं, अयाक्सपेक्षा एक गुण जास्त घेऊन. मधल्या फळीत थेओ यान्सेन, वाउट ब्रामा, शेक तियोते. तिथे जागा न मिळणं म्हणजे नालायक असणं नव्हे.

राहिलं आखात. ‘शेवटी गेला’ हा क्रमच चुकलाय. रियाधच्या अल-शबाबकडून तो आधीच खेळला होता. बगदादमधली लीग धड चालत नसताना इराकी खेळाडूंनी जायचं कुठे? ट्वेंटेत गेला तोही कतारचा अल-घराफा सोडून, म्हणजे आखातातून युरोपात. पुढे कतारला परतला, अल-वक्राकडे, आणि पैसे मिळाले असतीलच. व्यावसायिक खेळाडूने पैसे घेऊ नयेत, ही अट फक्त इराक्यालाच का?