सजावटीआधी प्रयोगवही

विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीसाठी शिक्षकांना तालुका पातळीवर मार्गदर्शन मिळावे, ही अलीकडे वाचलेल्या एका लेखातील सूचना मनापासून पटली; मात्र ते मार्गदर्शन प्रतिकृती सजवण्यापुरते राहू नये, असे मराठवाड्यातील एक विज्ञान शिक्षिका म्हणून आग्रहाने सांगावेसे वाटते. थर्माकोलचा ज्वालामुखी मांडलेल्या मुलाला परीक्षकांनी ‘असे का होते?’ विचारले, की ते पाठ केलेले उत्तर देते.

विषय तर दारातच आहेत. बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस लवकर येत नाही, हे आमच्याकडे घरोघरी ठाऊक असते. सारख्या बाटल्यांत बोअरचे, विहिरीचे आणि साठवलेले पावसाचे पाणी समान मापाने घ्यावे, साबणाचे द्रावण थेंबाथेंबाने टाकून बाटली हलवावी आणि फेस टिकेपर्यंत किती थेंब लागले ते मोजावे. प्रत्येक नमुना किमान तीनदा तपासून सरासरी काढली, की कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे पाण्याला येणारा कठीणपणा मुलांना आकड्यांत दिसू लागतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात कठीणपणाची लिटरमागे २०० मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, एवढे सांगितले की पुढचे प्रश्न मुले स्वतःच विचारतात.

शालेय विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पनांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत निवडलेल्या कल्पनेसाठी विद्यार्थ्याच्या खात्यावर १०,००० रुपये जमा होतात, पण ती कल्पना मुलाची स्वतःची असावी लागते. म्हणून एका वेळी एकच घटक कसा बदलायचा आणि फसलेल्या प्रयोगाची नोंदही का खोडायची नाही, याचे प्रशिक्षण शाळा सुरू होतानाच, जून महिन्यात द्यावे. प्रदर्शनाचे पत्र हाती पडल्यावर तेवढा वेळ उरत नाही.